लक्झरी यॉटवर क्रूचं काम कसं मिळवायचं, सांगली-साताऱ्याच्या पोरापोरींसाठी

गावाकडं सुट्टीला आलो की चहाच्या गाड्यावर कोणतरी पोरगं हळूच शेजारी येऊन बसतं आणि विचारतं, दादा, ते श्रीमंतांच्या बोटीवर काम कसं मिळतं आणि त्यासाठी किती भरायला लागतात? पहिला प्रश्न बरोबर आहे. दुसरा चुकीचा आहे, आणि तो आपल्याकडं इतका सहज विचारला जातो म्हणूनच आपली पोरं फसतात. प्रत्येकाला अर्धंअर्धं सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढतोय. मी सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा, सुरुवात महाबळेश्वरच्या हॉटेलात वेटर म्हणून केली, आता यॉटच्या डेकवर आहे.

आधी यॉट म्हणजे काय ते समजून घ्या कारण बरेच जण क्रूझ आणि यॉट एकच समजतात. क्रूझवर हजारो पॅसेंजर असतात, यॉट एका मालकाची असते, साधारण २४ मीटरच्या वर लांबी गेली की तिला सुपरयॉट म्हणतात. काही यॉट फक्त मालक आणि त्याचं कुटुंब वापरतं, त्या प्रायव्हेट. काही आठवड्याच्या भाड्याने देतात, त्या चार्टर. चार्टर यॉटवर बहुतेक करून १२ पाहुणेच घेतात, कारण त्याच्या वर गेलं की पॅसेंजर जहाजाचे कडक नियम लागू होतात. म्हणजे बारा पाहुणे आणि त्यांच्या दिमतीला कधीकधी तेवढाच किंवा त्याच्याहून जास्त क्रू, त्यामुळं काम किती बारकाईचं असतं याचा अंदाज येईल. कामाचे चार भाग असतात, डेक म्हणजे बोटीचं बाहेरचं काम, इंटिरिअर म्हणजे आतल्या खोल्या आणि पाहुण्यांची सेवा, गॅली म्हणजे किचन, आणि इंजिन रूम. नवीन माणूस डेकवर डेकहँड म्हणून लागतो नाहीतर इंटिरिअरला स्टुअर्ड किंवा स्ट्युअर्डेस म्हणून. आयटीआय डिझेल मेकॅनिक झालेली, वर्कशॉपमध्ये खरंच हात काळे केलेली पोरं इंजिनकडं जाऊ शकतात पण तिकडचे कोर्स वेगळे आणि वाट लांबची आहे.

आता पहिली गोष्ट, आणि ही मला कोणी सांगितली नव्हती म्हणून मी सगळ्यांना सांगतो. एक रुपया कोर्सवर खर्च करायच्या आधी डोळे तपासून घ्या, खास करून रंग ओळखायची टेस्ट, ती रंगीत ठिपक्यांत आकडे दिसतात ती. मिरजेत कुठल्याही चांगल्या डोळ्याच्या डॉक्टरकडं होते, पाच मिनिटांचं काम आहे. रात्री समुद्रात समोरच्या बोटीचा लाल दिवा दिसतोय का हिरवा यावरनं ती कुठल्या बाजूला चाललीय ते कळतं, त्यामुळं रंगांची अडचण असेल तर डेकवर लुकआउट म्हणजे समुद्रावर नजर ठेवायचं काम करता येत नाही. इंटिरिअर किंवा गॅलीत तरीही जाता येतं, पण ते आधी कळलं तर त्या हिशोबानं तयारी होते.

मग कागद. क्रम महत्त्वाचा आहे, उलटसुलट केलं की फेऱ्या वाढतात. पासपोर्ट पहिला, त्याला आता पुण्याला पळायची गरज नाही, पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात होतो. दहावीचं सर्टिफिकेट जोडा म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जायच्या आधी सरकारी तपासणी लागते असा, शिक्का येत नाही, आखातात कामाला जाताना हा शिक्का नसला की बरीच कटकट वाचते. आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख हे दहावीच्या सर्टिफिकेटवर, आधारवर आणि पासपोर्टवर अक्षर न अक्षर सारखं पाहिजे, आपल्याकडं एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी असं असतं आणि तिथंच महिना जातो.

त्यानंतर इंडॉस नंबर, हा डीजी शिपिंग या भारत सरकारच्या जहाजांच्या खात्याकडनं मिळतो, समुद्रावर काम करणाऱ्या प्रत्येक भारतीयाचा तो कायमचा नंबर. मग एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे असलेले, बेसिक कोर्स. हे डीजी शिपिंगची मान्यता असलेल्या संस्थेतच करा, मुंबई-नवी मुंबईकडं बऱ्याच आहेत, रात्री महालक्ष्मी पकडली की सकाळी मुंबईत. कोर्स पाच, जीव वाचवायचं तंत्र, आग विझवणं, फर्स्ट एड, जहाजावरची सुरक्षितता आणि जबाबदाऱ्या, आणि सिक्युरिटी. सगळे मिळून साधारण दोन आठवडे धरा. पूलमध्ये लाइफजॅकेट घालून उंचावरनं उडी मारायला लावतात, उलटी पडलेली लाइफराफ्ट सरळ करायला लावतात. कृष्णेत भोपळा नाहीतर डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना पाण्याची भीती नसते, पण कपड्यांसकट आणि जॅकेट घालून पोहणं वेगळं असतं, सवय करा. पोहता येत नसेल तर आधी शिका, हे काम त्याशिवाय नको. आगीचं आणि जीव वाचवायचं ट्रेनिंग दर ५ वर्षांनी ताजं करावं लागतं.

कोर्स झाले की सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक. परदेशी झेंड्याच्या यॉटवर प्रत्येक वेळी ती मागतीलच असं नाही, पण इमिग्रेशनला आणि व्हिसाला तुम्ही खलाशी आहात हे दाखवायला तिचा फार उपयोग होतो. आणि शेवटी मेडिकल. यॉटवाले बहुतेक ईएनजी-वन मागतात, हे ब्रिटनच्या एमसीए या सरकारी खात्यानं मान्यता दिलेल्या डॉक्टरकडनंच होतं, त्यांची यादी एमसीएच्या साइटवर असते, सर्टिफिकेट जास्तीत जास्त २ वर्षं चालतं.

आता एजंट. हे सावकाश वाचा.

माझ्या मामेभावानं ऊसबिलाचे आलेले पैसे आणि वर थोडं उसनं असं मिळून पावणेदोन लाख एका एजंटला दिले. ऑफिस चकचकीत, भिंतीवर पांढऱ्या यॉटचे फोटो, टेबलावर छोटं मॉडेल. पोराला टुरिस्ट व्हिसावर आखातात पाठवलं, सांगितलं तिथं गेल्यावर व्हिसा बदलून देतो. तिथं गेल्यावर यॉट कसली, पर्यटकांना तासाभराची चक्कर मारून आणणारी एक जुनी लाकडी बोट, रात्री झोपायला तिच्यावरच. बाविसाव्या दिवशी तो घरी परत आला. मामा अजूनही त्या विषयावर बोलत नाहीत, आणि मला राहून राहून वाटतं की त्यानं जायच्या आधी मला एक फोन केला असता तर.

म्हणून नियम सांगतो, हा माझा नाही, एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आहे आणि भारतानंही तो मान्य केलाय. नोकरी लावून द्यायचे पैसे खलाशाकडनं घ्यायचे नाहीत. पासपोर्ट, मेडिकल, सीडीसी याचा खर्च तुमचा असू शकतो, व्हिसाचा खर्च मालकाचा. प्लेसमेंट फी, फाइल चार्ज, जॉइनिंग डिपॉझिट असं काही मागितलं की उठून चालू लागा. भारतातनं क्रू पाठवणाऱ्या कंपनीकडं आरपीएसएल लायसन लागतं, नंबर मागा आणि तो डीजी शिपिंगच्या साइटवर स्वतः टाकून बघा, त्यांनी दाखवलेल्या फोटोकॉपीवर विश्वास ठेवू नका. ओरिजिनल सर्टिफिकेटं एजंटच्या ड्रॉवरमध्ये कधीच ठेवू नका. यॉटवर गेल्यावर कॅप्टन सगळ्यांचे पासपोर्ट तिजोरीत ठेवतो, बंदराच्या कामाला लागतात म्हणून, ते नेहमीचं आहे. जमिनीवरच्या माणसानं ठेवून घेणं नेहमीचं नाही. आणि "टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं बघू" हे वाक्य ऐकलं की समजा तिथंच विषय संपला.

व्हिसाचं आणखी एक. इंटरनेटवर बघाल तर गोरी पोरं फ्रान्समधल्या अँतिबला नाहीतर स्पेनच्या पाल्माला जातात, सकाळी सीव्ही घेऊन धक्क्यावरनं बोटीबोटीला विचारत फिरतात, एखाद्या दिवसाचं काम मिळतं आणि त्यातनं नोकरी लागते. याला डॉकवॉकिंग म्हणतात. अमेरिकेत फोर्ट लॉडरडेललाही तसंच. आपल्या पासपोर्टवर हे जमत नाही, शेंगेनच्या म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेल्या टुरिस्ट व्हिसावर काम करायला परवानगी नसते, सापडलात तर पुढचे व्हिसे अवघड होतात. आपली वाट वेगळी, आधी अनुभव, मग घरी बसून पक्कं काँट्रॅक्ट, मग त्या काँट्रॅक्टवर व्हिसा.

अनुभव कुठं घ्यायचा? मुंबईत गेटवेजवळ, मांडव्याच्या बाजूला आणि गोव्यात भाड्यानं फिरणाऱ्या यॉट आहेत, कोचीत मरीना आहे. पगार बेताचा असतो पण दोरी हातात येते आणि सीव्हीवर एका कॅप्टनचं नाव येतं. त्याच्या पुढची पायरी दुबई, अबू धाबी किंवा मालदीव, दुबईचा सीझन ऑक्टोबर ते एप्रिल. भूमध्य समुद्राचा सीझन मे ते सप्टेंबर, त्यामुळं तिकडची भरती वसंतात जोरात असते, आणि कॅरिबियनचा सीझन आपल्या हिवाळ्यात. योटस्पॉटसारख्या साइटवर फुकट प्रोफाइल बनवून ठेवा.

हॉटेलवाल्या पोरापोरींनी स्वतःला कमी समजू नये. पाचगणी-महाबळेश्वरला दोन सीझन काढलेला माणूस टेबल लावतो, उजव्या-डाव्या हाताचं सर्व्हिंग त्याला कळतं, पाहुण्याचा मूड ओळखतो, इंटिरिअरला हेच लागतं. त्यावर वाईन आणि कॉफीचं थोडं, इस्त्री उत्तम, आणि फूड हायजिन लेव्हल टूचं सर्टिफिकेट जोडा. मुलींना तर इंटिरिअरमध्ये मागणी जास्त आहे, घरच्यांना केबिनची काळजी वाटते, तर केबिन दुसऱ्या मुलीबरोबर मिळणार का हे आधीच विचारून घ्या, विचारण्यात काही गैर नाही.

डेकवर जायचं असेल तर आज रात्रीपासून गाठी बांधा. मी गोठ्यातल्या जुन्या दाव्यावर शिकलो, आमचे आबा म्हशीला जी गाठ मारायचे ती आणि क्लोव्ह हिच बघितली तर जवळजवळ बहिणी बहिणी. बोलाइन, क्लोव्ह हिच, फिगर एट आणि क्लीटवर, म्हणजे दोरी अडकवायच्या खुंटीवर, दोरी कशी गुंडाळायची, एवढ्या चार गोष्टी डोळे मिटून आल्या पाहिजेत, कारण बोट धक्क्याला लागताना कॅप्टन वरनं बघत असतो आणि तिथं विचार करायला वेळ नसतो. फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला टांगतात तो फुगा, किती उंचीला बांधायचा ते क्लोव्ह हिचवर असतं. सकाळचं काम म्हणजे धुणं. आधी गोड्या पाण्यानं मीठ काढायचं, मग साबण, मग परत पाणी, आणि ऊन चढायच्या आत शॅमीनं म्हणजे पाणी शोषणाऱ्या मऊ फडक्यानं पुसून कोरडं करायचं, नाहीतर पांढऱ्या रंगावर पाण्याचे डाग राहतात आणि सगळं पहिल्यापासून. सागवानी डेक घासताना ब्रश मऊ घ्यायचा आणि लाकडाच्या रेषांना आडवा चालवायचा, रेषांबरोबर नाही, उभा घासला की मऊ भाग निघून जातो आणि चर पडतात. हे मला पहिल्याच आठवड्यात बोसननं, म्हणजे डेकवरच्या पोरांच्या मुकादमानं, गुडघ्यावर बसून, माझा हात धरून दाखवलं. मुलाखतीत हे एवढं सांगितलं तरी समोरच्याला कळतं की पोराला माहिती आहे.

सीव्ही एक, फार तर दोन पानं. वरती फोटो, पांढरा कॉलरचा टी-शर्ट, दाढी नीट, चेहरा हसरा, लग्नातला कापलेला फोटो नको. पासपोर्ट, व्हिसा, सर्टिफिकेटं आणि त्यांच्या तारखा, सिगारेट ओढता का, दिसणाऱ्या जागी टॅटू आहे का, आणि दोन रेफरन्स ज्यांना फोन केला तर उचलतील. खोटा अनुभव लिहू नका, हे जग फार छोटं आहे, कॅप्टन कॅप्टनला फोन करतो. इंग्रजी फर्डं नसलं तरी चालतं पण रेडिओवरचं ऐकू आलं की कळलं पाहिजे आणि नाही कळलं तर "परत सांगा" म्हणायची लाज नको.

पैशाचं सांगतो. मोठ्या चार्टर यॉटवर नवीन माणसाला साधारण २००० ते ३००० युरो महिना मिळतात, आखातात आणि छोट्या बोटींवर त्याहून बरंच कमी असू शकतं. जेवण, राहणं, युनिफॉर्म बोटीचं. वर टिप, युरोपात चार्टरच्या रकमेच्या ५ ते १५ टक्के द्यायची रीत आहे, कॅरिबियनकडं १५ ते २०, ती क्रूमध्ये वाटली जाते. पण पाहुणे असले की दिवस १४-१६ तासांचाही होतो आणि सुट्टी नसते, गणपतीला घरी येईन असं आईला आधी सांगून ठेवू नका. सही करायच्या आधी काँट्रॅक्ट पूर्ण वाचा, पगार कुठल्या चलनात, रजा किती, घरी परत यायचं तिकीट कोण देणार, मेडिकल इन्शुरन्स, बोट कुठल्या देशाच्या झेंड्याखाली. चार्टर यॉटला एमएलसी लागू असतं, निव्वळ प्रायव्हेट यॉटला बहुतेक नसतं, म्हणून प्रायव्हेटवर जाताना हे सगळं कागदावर आलंय ना ते दोनदा बघा. आणि बोटीवरचे फोटो टाकायचे नाहीत, पाहुणा कोण होता हे मित्रालाही सांगायचं नाही, काँट्रॅक्टमध्ये तशी सही असते.

घरी समजावणं अवघड जातं हे माहितीय. विट्याकडची माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर जातात, साताऱ्यात तर गावंच्या गावं फौजेत आहेत, लांब राहणं आपल्याला नवीन नाही. वडिलांना आरपीएसएलचा नंबर, काँट्रॅक्टची झेरॉक्स, बोटीचं नाव आणि कंपनीचा फोन असं एका फाइलमध्ये घालून द्या, माझ्या वडिलांचा अर्धा विरोध त्या फाइलनं गेला.

बॅग भरताना कडक सुटकेस घेऊ नका. दोघांच्या केबिनमध्ये ती ठेवायला जागाच नसते, मऊ, घडी होणारी बॅग घ्या जी रिकामी करून गादीखाली सरकवता येईल. बूट डेकवर चालत नाहीत, चढतानाच टोपलीत काढायचे असतात, त्यामुळं मोजे चांगले घ्या. आणि सरावाला वावभर दोरी.