चिप्सच्या चरात पाण्याचा मुक्काम

शेताच्या निचऱ्याच्या पाण्यातलं नायट्रेट कमी करायला ते पाणी लाकडाच्या चिप्सनी भरलेल्या चरातून सोडतात. या कामात नवे आलेले बहुतेक जण आधी चर किती मोठा खणायचा ते विचारतात. आधी मोजायचं ते पाणी: भूमिगत निचऱ्याच्या नळीतून सेकंदाला किती लिटर येतं, पावसात किती आणि उघडिपीत किती. निदान एक हंगाम ही नोंद ठेवा. त्याशिवाय काढलेला आकार अंदाजपंचे असतो.

चिप्स नायट्रेट गाळून घेत नाहीत. चरात शिरलेल्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन जिवाणू आधी संपवतात, मग श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. लाकूड हे त्यांचं खाद्य. नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो आणि हवेत निघून जातो. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून पाण्याचा मुक्काम महत्त्वाचा.

३० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि १ मीटर खोल चिप्स म्हणजे १८० घनमीटर. त्यात पोकळी ७० टक्के धरली तर पाणी मावतं १२६ घनमीटर. सेकंदाला ५ लिटर आवक असेल तर मुक्काम ७ तासांचा. अमेरिकेतलं ६०५ क्रमांकाचं संवर्धन मानक किमान ३ तास मागतं. तेवढ्यासाठी हा चर ११ लिटरपर्यंत पुरतो. त्यावरचं पाणी बगल नळीतून सोडून द्यायचं. सगळं पुराचं पाणी चरात घालायचा हट्ट धरला की शेतात पाणी तुंबतं.

आता नायट्रेटचा हिशेब. चिप्सच्या घनमीटरमागे दिवसाला ५ ग्रॅम नायट्रोजन जातो असं धरलं, तर या चरातून रोज ९०० ग्रॅम जाईल. ५ लिटरच्या आवकेत ही घट लिटरमागे जेमतेम २ मिलिग्रॅम. १ लिटरच्या आवकेत १० मिलिग्रॅम. थंड पाण्यात वेग आणखी पडतो: तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण निम्मा. शेतकऱ्याला हे आकडे आधीच दाखवा, नुसतं ‘पाणी शुद्ध होईल’ म्हणू नका.

मुक्काम फार लांबला तरी बिघडतं. नायट्रेट पूर्ण संपलं की दुसरे जिवाणू सल्फेटवर उतरतात आणि बाहेरच्या चेंबरला, म्हणजे फळ्या लावून चरातल्या पाण्याची पातळी राखणाऱ्या हौदाला, सडक्या अंड्यांचा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड. चेंबरमध्ये डोकं घालू नका, आत उतरायचं तर नाहीच. उपाय साधा आहे: बाहेरच्या चेंबरमधली एखादी फळी काढून पातळी खाली आणा, पाणी लवकर निघेल. बाहेर पडताना थोडं नायट्रेट शिल्लक असलेलं बरं.

लाकूड निवडताना घाई नको. चिप्स साधारण १ ते ५ सेंटिमीटरच्या, बिनमातीच्या, बिनपाल्याच्या हव्यात. भुसा मिसळला तर पोकळी बुजते. रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड वर्ज्य. ट्रक रिकामा होण्याआधी ढिगात खोलवर हात घालून बघा. वरचा थर नेहमीच चांगला दिसतो.

तळाला आणि बाजूंना प्लास्टिकचं अस्तर, आत शिरताना आणि बाहेर पडताना चराच्या पूर्ण रुंदीची सच्छिद्र नळी. चेंबरजवळचा नळीचा तुकडा मात्र बिनछिद्राचा, नाहीतर पाणी मातीतून चेंबरला वळसा घालून निसटतं. चिप्सवर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड आणि त्यावर फूटभर माती, मध्ये उंचवटा ठेवून, कारण चिप्स खाली बसतात. वरून यंत्र चालवू नका.

पहिल्या काही आठवड्यांत चहाच्या रंगाचं पाणी येतं. त्यात सेंद्रिय कार्बन जास्त आणि ऑक्सिजन कमी असतो, तेव्हा शक्यतो ओढ्याला भरपूर पाणी असताना चर सुरू करा.

नमुने आत आणि बाहेर एकाच दिवशी घ्या, थंड ठेवा आणि त्याच वेळी फळीवरून वाहणाऱ्या पाण्याची उंची लिहा. प्रवाहाविना नायट्रेटचा आकडा मिळाला तर किती किलो अडलं ते काढता येत नाही. चिप्स साधारण १० ते १५ वर्षं टिकतात. पातळी वरखाली होणारा वरचा थर आधी कुजतो. आवक तीच असून आतल्या चेंबरमधलं पाणी वर चढत राहिलं, तर तोंडाशी गाळ बसला किंवा चिप्स मऊ पडल्या असं समजा आणि पहिले २-३ मीटर उघडून बघा.