सौर, वारा आणि बॅटरी: घरची वीज घरीच करताना या चुका टाळा

सौर पॅनेल, छोटी पवनचक्की आणि बॅटरी यांचा हिशेब कागदावर चटकन जुळतो, कारण तो बहुतेक वेळा वर्षाच्या सरासरीवर मांडलेला असतो. घरातले दिवे मात्र ढगाळ आणि वारा पडलेल्या आठवड्यातही लागायला हवेत. त्यामुळे हिशेब वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यापासून सुरू करा. रोजचा वापर ८ युनिट असेल आणि दोन दिवस निभवायचे असतील, तर १६ युनिट हाताशी हवीत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरायची म्हटली तरी ती २० युनिटची लागते. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर निकामी होते, म्हणून तिथे हाच आकडा ३२ वर जातो. हे झेपत नसेल तर आधी घरातला वापर कमी करा.

सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते पवनचक्कीवर. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. पाटीवर ‘१ किलोवॅट’ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा सेकंदाला १२ मीटर वाऱ्यासाठी. वारा ४ मीटरवर आला की त्याच चक्कीतून फार तर ३५-४० वॅट निघतात. आता इन्व्हर्टर नुसता चालू ठेवायलाच ३०-४० वॅट खातो, हे लक्षात घ्या. म्हणजे चक्की दिवसभर फिरताना दिसते आणि घरापर्यंत जवळपास काही पोचत नाही! गच्चीवर दोन मीटरचा खांब रोवून चक्की बसवणं तर टाळाच. तिथला वारा भिंती-झाडांवर आपटून विस्कटलेला असतो, आणि घराला हादरे बसतात ते वेगळेच. साधारण १५० मीटरच्या परिसरातल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा पाती किमान ९ मीटर वर हवीत. तेवढा मनोरा शक्य नसेल तर माझं मत सरळ आहे: चक्कीचा नाद सोडा, त्या पैशात पॅनेल वाढवा.

चक्की बसवलीच, तर ती सौर चार्ज कंट्रोलरला, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या यंत्राला, जोडू नका. बॅटरी भरल्यावर पॅनेलची जोडणी तोडली तरी पॅनेलचं काही बिघडत नाही. चक्कीवरचा भार अचानक काढला तर पाती बेफाम फिरतात आणि चक्की मोडू शकते. तिला जादा वीज हीटरसारख्या भारावर वळवणारा, स्वतःचा कंट्रोलर लागतो.

पुढची तक्रार नेहमीची: पाण्याचा पंप सुरू केला की इन्व्हर्टर बंद पडतो. लगेच बॅटरीला दोष देऊ नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. त्याच क्षणी मल्टिमीटरने व्होल्टेज दोन ठिकाणी मोजा, एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा इन्व्हर्टरच्या. बॅटरीपाशी ठीक आणि इन्व्हर्टरपाशी बरंच कमी असेल, तर केबल बारीक आहे किंवा तिच्या टोकाची धातूची कडी (लग) सैल. करंट जितका जास्त तितकी केबल जाड हवी: २००० वॅटला १२ व्होल्टवर सुमारे १६७ अँपिअर लागतात, ४८ व्होल्टवर फक्त ४२. दोन्हीकडे सारखंच पडत असेल तर मग बॅटरी तपासा.

लिथियम बॅटरी किती भरलीय हे व्होल्टेजवरून ठरवू नका. मधल्या टप्प्यात ते जवळजवळ हलतच नाही. शंटवाला, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजून हिशेब ठेवणारा, बॅटरी मॉनिटर लावा. शून्य अंशाखाली ती चार्जही करायची नसते. जुन्या-नव्या बॅटऱ्या एकत्र जोडू नका.

बाहेरची वीज गेली आणि ऊन असूनही घर अंधारात? साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर, लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी, मुद्दाम बंद होतो. बॅकअप हवा तर हायब्रिड, म्हणजे बॅटरीवरही घर चालवू शकणारा, इन्व्हर्टर घ्या. आणि डीसी बाजूला, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीकडे, घरातला एसी एमसीबी लावू नका: एसी करंट दर सेकंदाला अनेकदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती तशीच पेटत राहते. तिथे डीसीसाठीचाच ब्रेकर हवा, आणि बॅटरीचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.