अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य समजून घ्यायचं तर
नकाशा उघडा आणि आधी रिओ ग्रांद नदीवर बोट ठेवा. उत्तरेकडून दक्षिणेला राज्य चिरत जाणारी ही नदी पाहिली की जुनी गावं तिच्याकाठी का वसली ते उलगडतं. मग सांता फे गाठा. १६१०च्या सुमारास वसलेली ही राजधानी जवळपास ७,००० फुटांवर आहे, म्हणून पहिल्या दिवशी फार धावपळ नको, पाणी भरपूर प्या.

ताओस पुएब्लो या मूलनिवासींच्या जुन्या गावातली मातीची घरं मला सगळ्यात प्रिय. तिथे आजही लोक राहतात. माणसांचे फोटो विचारूनच काढा, कुणाच्या दारात डोकावू नका. धार्मिक विधींसाठी गाव कधी कधी बंद असतं, निघण्याआधी चौकशी कराच.

व्हाइट सँड्सला, म्हणजे पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांवर, दुपार ढळल्यावर जा; जिप्समची वाळू उन्हातही पायांना गार लागते. जेवताना 'लाल की हिरवी?' विचारतील, ती मिरची. हिरवी आधी चाखा.