एमजीबीचं मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल कसं दुरुस्त करायचं

जुनी एमजीबी, म्हणजे ती इंग्लंडची स्पोर्ट्स कार, घेतली की महिन्याभरात कुणीतरी सांगतंच, "साहेब, क्राउन-पिनियन गेलं." (क्राउन-पिनियन म्हणजे डिफरन्शियलमधली, इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी.) क्लच सोडला की मागून टक् असा आवाज येतो, तेवढ्यावर निकाल लागतो आणि खर्चाचा आकडा ऐकून माणूस गाडीवर कव्हर टाकून देतो. माझं म्हणणं एवढंच की क्राउन-पिनियनला हात सगळ्यात शेवटी लावायचा, कारण बऱ्याचदा दुखणं दुसरीकडेच असतं आणि फॅक्टरीत शिम (मापाच्या पातळ चकत्या) लावून बसवलेली ती जोडी एकदा हलवली की परत तशीच बसवणं गल्लीतल्या गॅरेजचं काम नाही.

आधी गाडी कुठली ते बघा. एमजीबी १९६२ ते १९८० बनत होती. सुरुवातीच्या रोडस्टरला (उघड्या टपाची) बॅन्जो हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियल आणि एक्सलचं बॅन्जोसारखं मधे गोल असलेलं कवच, आणि जीटीला (पक्क्या टपाची) पहिल्यापासून व साधारण १९६७ नंतरच्या रोडस्टरला ट्यूब हाउसिंग, ज्याला मागे बोल्टचं झाकण असतं. खाली लिहिलंय ते ट्यूबवाल्याचं. आपल्याकडच्या मेकॅनिकला हे अगदी परकं नसतं, कारण अँबॅसिडरही त्याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातली, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि एकसंध हाउसिंग. इथे नाशिकला द्वारका, मुंबई नाक्याकडे ज्यांनी आयुष्यभर टॅक्सीची हाउसिंगं खोलली असे जुने मिस्त्री अजून सापडतात, त्यांना गाठा. त्यांच्याकडे इंची पानेही असतात आणि ते फार महत्त्वाचं, कारण ह्या गाडीवर अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना लावला की नट गोल झालाच समजा.

खोलायच्या आधी आवाज ओळखा

गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे जरा मोकळा रस्ता मिळतो, सकाळी लवकर जा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हूं असा सूर आणि सोडला की सूर बदलतो किंवा जातो, तर मात्र क्राउन-पिनियनचा संशय घ्या. दाबा सोडा काही करा, घरघर तशीच राहते आणि स्पीडबरोबर वाढते, तर बेअरिंग. आणि फक्त क्लच सोडताना किंवा रिव्हर्समधून फर्स्टला जाताना टक् होत असेल तर तीन गिऱ्हाइकं आहेत: प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे, तारेची चाकं असतील तर हबच्या झिजलेल्या स्प्लाइन (खाचांचे दाते), आणि डिफरन्शियलच्या आतले थ्रस्ट वॉशर, म्हणजे गिअरमागच्या झीज झेलणाऱ्या चकत्या. एमजीबीत हे वॉशर झिजणं इतकं नेहमीचं आहे की मी तरी आधी तिथेच बघतो.

क्रॉस तपासायला गाडीखाली झोपून शाफ्ट हाताने पिळा. फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतो ती चकती) आणि शाफ्ट वेगवेगळे हलले तर क्रॉस गेलाय. पिनियनच्या फ्लँजला थोडा प्ले असणारच, ते बघून घाबरू नका, कारण रेशो ३.९ चा आहे (क्राउनला ४३ दात, पिनियनला ११), म्हणजे आतला जरासा प्ले तिथे चौपट दिसतो.

गाडी उचलणं आणि तेल बघणं

नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. पुढच्या चाकांना दगड नाही, नीट लाकडी ठोकळे लावा आणि मागे बॉडीखाली, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पाटा बॉडीला जिथे लटकतो त्या ब्रॅकेटच्या) थोडं पुढे, दोन मजबूत घोड्या ठेवा. हाउसिंगखाली वेगळा ट्रॉली जॅक लागेलच, कारण पाटे सुटले की ते लोंबकळतं.

मग तेल काढा, पांढऱ्या भांड्यात. हे घाईत ओतून देऊ नका, सगळी जन्मपत्रिका त्यातच असते. थोडं तेल दोन बोटांत चोळून उन्हात धरा. सोनेरी-तांबूस चमक दिसली आणि ती चुंबकाला चिकटत नसेल तर ते थ्रस्ट वॉशरचं पावडर झालेलं तांबं आहे, म्हणजे स्वस्तात सुटलात. चुंबकाला काळपट पीठ लागणं जुन्या गाडीत चालतं. पण कडा असलेले चुरे, पातळ पापुद्रे किंवा दाताचा तुकडा लागला तर पुढचं वाचत बसू नका, आख्खं डिफरन्शियल काढून जाणकाराकडे द्या.

एक्सल बाहेर काढणं

हबचा मोठा नट एक आणि पाच सोळांश इंचाचा आहे, ३३ चा सॉकेट नीट बसत नाही आणि ३४ चा ढिला होतो, त्यामुळे बरोबर मापाचाच घ्या. कॉटर पिन काढा, कुणालातरी ब्रेक दाबून बसवा आणि लांब पाइप लावून नट सोडा. मग ड्रम, हब पुलरने काढा, हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा पाइप सोडवा (पाइपचं तोंड लगेच बंद करा, फ्लुइड रंगावर सांडलं तर रंग सोलतं), बॅक प्लेटचे चार बोल्ट काढले की एक्सल स्लाइड हॅमरने ठोकून बाहेर येतो. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

बेअरिंग हातात धरून फिरवा, खरखर लागली तर बदला. नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलात तर बऱ्याचदा इथेच मिळतं, इंग्लंडहून मागवायची गरज नाही. ऑइल सील मात्र दोन्ही बाजूंचे नवेच टाका.

थ्रस्ट वॉशर

आता मागचं झाकण काढा. मधल्या केजमध्ये दोन छोटे गिअर एका आडव्या पिनवर बसलेले दिसतील आणि त्या पिनला एक बारीक रोल पिन अडवून ठेवते. पंच घेऊन ती रोल पिन ठोकून काढा, आडवी पिन सरकवा, आणि गिअर हाताने फिरवत आणले की छोटे दोन्ही खिडकीतून बाहेर येतात, त्यांच्यामागून वाटीसारखे वाकलेले तांबडे वॉशर. त्यानंतर मोठे दोन गिअर आत सरकवून काढा, त्यांच्यामागे चपटे वॉशर. जुना वॉशर नव्याशेजारी ठेवून बघा, कधी कधी अर्धाच उरलेला असतो आणि कडेला ब्लेडसारखी धार आलेली असते. बसवताना उलट क्रम, तेल लावून, आणि शेवटी गिअर हाताने फिरले पाहिजेत, अडकता कामा नये आणि खडखडताही कामा नये. आडवी पिनही नखाने तपासा, खाच लागली तर नवी टाका. रोल पिन नवीच. एवढ्या सगळ्यात क्राउन-पिनियनला धक्काही लागत नाही.

पुढचा पिनियन सील गळत असेल तर जरा जपून. आत दबून बसणारा स्पेसर असतो, नट जास्त आवळला की बेअरिंग आवळतं आणि मग तिथेच रडायची वेळ. नट सोडायच्या आधी नट आणि शाफ्टवर पंचने खूण करा, सील बदलल्यावर बरोबर त्या खुणेवर आणा. फ्लँजवर सील घासून खाच पडली असेल तर सातपूर किंवा अंबडच्या लेथवाल्याकडून स्लीव्ह करून घ्या.

हाउसिंगच्या वरचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याचं भोक, तारेने मोकळा करा. तो मातीने बंद झाला की आत प्रेशर होतं आणि नवे सीलही गळतात, मग लोक सील बनवणाऱ्याला शिव्या देतात.

पाटे आणि शॉक

यू-बोल्ट, शॉकची लिंक आणि रिबाउंड स्ट्रॅप सोडा, हाउसिंगला जॅकचा आधार ठेवूनच. मागचा शॅकल (पाट्याचं मागचं टोक लटकवणारी पट्टी) सहज निघतो, पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला (वळवलेल्या टोकाच्या भोकातला) बोल्ट मात्र बुशच्या स्लीव्हला गंजून एकजीव झालेला असतो, आदल्या रात्री तेल मारून ठेवा आणि तरीही हलला नाही तर ग्राइंडरने कापा, त्याच्याशी कुस्ती खेळण्यात हँगर फाटतो.

पाटे बसले असतील तर आग्रा रोडला ट्रकचे पाटे करणारे कमान भरून देतात. पण त्यांची सवय कांद्याच्या ट्रकची, न सांगता एक पट्टी वाढवून देतील आणि गाडी उंटासारखी चालेल, म्हणून स्पष्ट सांगा की पट्टी वाढवायची नाही, लाल तापवायचं नाही, थंडच ठोकायचं आणि दोन्ही बाजू सारख्या. १९७४ च्या शेवटापासूनच्या रबर बंपरच्या गाड्या मुळातच उंच आहेत, त्यांची कमान क्रोम बंपरवाल्याच्या मापाने भरू नका. पट्टीला तडा असेल तर नवाच पाटा.

बुश रबरचे घ्या की पॉलीचे (पॉलियुरेथेनचे) यावर लोक भांडतात. आपल्या रस्त्यांवर आणि स्पीडब्रेकरांवर मला रबरच बरं वाटतं, पॉली कडक लागतं आणि कुरकुरतं.

शॉक लिव्हरवाले आहेत. लिंक सोडून आर्म हळू वर-खाली करा, पूर्ण टप्प्यात सारखाच जोर लागला पाहिजे. मध्ये रिकामी जागा लागली तर वरचा प्लग उघडून शॉकचं तेल भरा आणि आर्म हलवून हवा काढा. आर्मच्या शाफ्टमधूनच तेल येत असेल तर भरून उपयोग नाही, बुशिंग करून घ्यावं लागतं.

जुळवणी

यू-बोल्ट आणि पाट्यावरचे रबर पॅड नवे टाका. आता एक गोष्ट जी इथे सर्रास चुकवतात: पाट्याच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. अर्धे ठेवा, चाकं लावून गाडी खाली उतरवा, दोन-चार वेळा मागून दाबून हलवा आणि मग आवळा, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हबचा नट १५० फूट-पाउंड, म्हणजे साधारण २०३ न्यूटन-मीटर. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही.

डिफरन्शियलचं तेल ईपी ९० हायपॉइड गिअर ऑइल, लिटरला थोडं कमी लागतं, गाडी सपाटीवर ठेवून तेल भरायच्या भोकातून परत ओघळेपर्यंत भरा. ब्रेकची हवा काढा, हँडब्रेक बघा. पहिली चक्कर घराजवळच, हळू, आणि आल्यावर हबला हात लावा, कोमट चालेल, चटका बसला तर परत खोला. शंभरेक किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि सीलखाली ओल आहे का ते बघा.