घरी ख्रिस्ती माहितीपट लावताना: निवड, टीव्हीची सेटिंग आणि नेहमीच्या चुका

'ख्रिस्ती माहितीपट' असं शोधलं की समोर येणाऱ्या यादीत कथापटही बरेच निघतात. १९७९ चा 'जीझस' लूककृत शुभवर्तमानावर बेतलेला आहे, पण त्यात नट आहेत, लिहिलेले संवाद आहेत. तो जरूर पाहा, फक्त माहितीपट म्हणून नको. ओळखायला सोपी खूण अशी: पहिली दहा मिनिटं चालवा आणि बोलणाऱ्याचं नाव व काम पडद्यावर येतंय का ते बघा. नुसतं भारदस्त निवेदन आणि मागे झगे घातलेली माणसं एवढंच असेल, तर दावा कोणाचा हे शेवटपर्यंत कळत नाही.

एकच निवडायचा असेल तर फिलिप ग्रोनिंगचा 'इंटू ग्रेट सायलेन्स' (२००५). फ्रेंच आल्प्समधल्या ग्रांद शार्त्रूझ या कार्थुझियन (एकांत आणि मौन पाळणाऱ्या कॅथलिक संन्याशांच्या) मठात चित्रीकरणाची परवानगी त्याने १९८४ मध्ये मागितली. होकार यायला सुमारे सोळा वर्षं गेली. मग तो एकटाच कॅमेरा घेऊन जवळपास सहा महिने मठात राहिला. कृत्रिम दिवे नाहीत, निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही. लांबी पावणेतीन तासांच्या आसपास.

हा चित्रपट घरी फसतो तो बहुधा टीव्हीमुळे. त्याचा काही भाग सुपर-८ या छोट्या आकाराच्या फिल्मवर घेतलेला आहे, त्यामुळे चित्रात दाणे दिसतात. टीव्हीचं 'नॉइज रिडक्शन' त्या दाण्यांना बिघाड समजून पुसतं आणि माणसांचे चेहरे मेणाचे दिसायला लागतात. 'मोशन स्मूदिंग'मुळे हालचाल मालिकेसारखी गुळगुळीत होते. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा आणि ही दोन्ही सेटिंग बंद झालीत ना, ते मेन्यूत जाऊन तपासा. आवाज आपोआप समान करणारं 'ऑटो व्हॉल्यूम'ही बंदच हवं. ते चालू असेल तर दूरची पावलं आणि देवळाची घंटा एकाच जोराने ऐकू येतात, मग शांतता उरतेच कुठे? सुरुवात अगदी हळू आहे, ती ऐकू येईना म्हणून आवाज वाढवत नेऊ नका. अंधार पडल्यावर, पंखा शक्य तितका कमी करून बसा. दुपारच्या उजेडात खोल्यांमधली दृश्यं नुसती काळी दिसतात.

सुरुवातीला पडद्यावर येतो तो बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचा प्रसंग. १ राजे १९:११–१३ आधी वाचून ठेवलात तर पुढची शांतता रिकामी वाटणार नाही. पुढे काही वचनं पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे दोन रात्रींत विभागून पाहिलं तरी धागा सुटत नाही. मात्र अर्ध्यावर सोडू नका. बर्फावरून घसरत खिदळणारे मठवासी आणि मृत्यूविषयी बोलणारे वृद्ध अंध मठवासी, दोन्ही शेवटाकडे आहेत. मुलांना पूर्ण चित्रपट जड जाईल. त्यांना घसरगुंडी दाखवा.

इतिहास हवा असेल तर डायर्मेड मॅककुलक यांची बीबीसीची 'अ हिस्टरी ऑफ ख्रिश्चॅनिटी' (२००९). सहा भाग, प्रत्येक सुमारे तासाभराचा. पहिला भाग रोमला न जाता आधी पूर्वेकडे, सिरियाक भाषेतल्या ख्रिस्ती परंपरेकडे वळतो, आणि मालिकेचं खरं बळ तिथेच आहे. सलग दोनपेक्षा जास्त भाग पाहिले तर चर्चच्या परिषदा आणि पंथ यांची सरमिसळ होते. आठवड्याला एक भाग पुरे.

'अमेझिंग ग्रेस'साठी मात्र सगळं लक्ष आवाजावर द्या. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री अरीथा फ्रँकलिनने गायलेली ही भक्तिगीतं. क्लॅपर (चित्र-आवाज जुळवण्यासाठी दृश्याआधी वाजवायची पाटी) न वापरल्यामुळे चित्र आणि आवाज जुळवता आले नाहीत, आणि चित्रपट लोकांसमोर यायला २०१८ उजाडलं. ब्लूटूथ स्पीकर लावलात तर हाच घोटाळा घरी होऊ शकतो: ओठ आधी, सूर नंतर. वायरने जोडा, नाहीतर टीव्हीतल्या 'ऑडिओ सिंक'ने फरक काढा.

श्रद्धेच्या बाजूचा असो वा विरोधातला, दावा ऐकला की थांबून बघा: समोर दिसतंय ते काय आणि सांगितलं जातंय ते काय? मदर तेरेसांवरच्या १९६९ च्या बीबीसी माहितीपटात मरणासन्नांच्या अंधाऱ्या घरातली दृश्यं अनपेक्षितपणे स्वच्छ आली. निवेदक माल्कम मगरिज यांना तो दैवी प्रकाश वाटला. कॅमेरामनने श्रेय कोडॅकच्या नव्या फिल्मला दिलं. दुसऱ्या टोकाला येशूच्या कुटुंबाची कबर सापडल्याचा दावा करणारा 'द लॉस्ट टूम ऑफ जीझस' (२००७). जेरुसलेमच्या तालपियोत भागात १९८० मध्ये सापडलेल्या अस्थिपेट्यांवरच्या नावांवर त्याचा सारा डोलारा उभा आहे, आणि येशू, योसेफ, मरिया ही नावं त्या काळी घरोघरी होती. असा माहितीपट लावलात तर त्याच आठवड्यात पुरातत्त्वज्ञांचे आक्षेपही वाचा.

धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांवरचा 'डिलिव्हर अस फ्रॉम ईव्हिल' (२००६) फक्त मोठ्यांनी पाहावा, तोही एकट्याने नको.

सबटायटल आपोआप तयार झालेली असतील तर बायबलमधली नावं ओळखू येणार नाहीत इतकी बिघडतात. शक्यतो मूळ आवाज आणि माणसाने केलेली सबटायटल निवडा. फुकट अपलोड केलेली प्रत लावण्याआधी तिची लांबी मूळ लांबीशी ताडून पाहा. वीस मिनिटं कमी भरली, तर काहीतरी कापलंय.