'च' कुठे लावायचा, कुठे काढायचा

एका अक्षराने वाक्याचा अर्थ फिरवायचा असेल, तर मराठीत 'च'इतकं हुकमी साधन दुसरं नाही. शाळेच्या व्याकरणात याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. 'ही', 'सुद्धा', 'देखील', 'मात्र' ही त्याची भावंडं. ही अव्ययं शब्दाला लागतात, पण त्याचं सामान्यरूप करत नाहीत. 'घर' आणि 'समोर' मिळून 'घरासमोर' होतं, पण 'घर' आणि 'च' मिळून नुसतं 'घरच'. लिहिताना खरी गडबड होते ती जागेची. च शेजारच्या शब्दाला लागतो आणि वाचणाऱ्याला भलताच अर्थ कळतो.

जागा ठरवण्याची कसोटी सोपी आहे. च ज्या शब्दाला लागतो, त्या शब्दाच्या जागी येऊ शकणारं बाकी सगळं तो बाद करतो. म्हणून दर वेळी विचारायचं: इथे आपण काय बाद केलं? 'मी उद्या बँकेत पैसे भरतो' हे वाक्य घ्या.

मीच उद्या बँकेत पैसे भरतो: दुसऱ्या कुणी जायची गरज नाही.
मी उद्याच बँकेत पैसे भरतो: परवावर ढकलत नाही.
मी उद्या बँकेतच पैसे भरतो: मोबाइलवरून नाही.
मी उद्या बँकेत पैसेच भरतो: बाकीची कामं नंतर.
मी उद्या बँकेत पैसे भरतोच: आता टाळाटाळ नाही.

शेवटच्या वाक्यात बाद झाली ती 'न भरण्याची' शक्यता. क्रियापदाला च लागला की निर्धार किंवा खात्री येते: 'करणारच', 'होतंच', 'जायलाच हवं'. 'आलोच!' हे त्याचं खास रूप. रूप भूतकाळाचं, पण माणूस अजून निघायचाय. अर्थ 'लगेच येतो'.

विशेषण आणि नाम एकत्र असताना जास्त जपावं लागतं. 'निळीच वही हवी' म्हणजे दुसरा रंग नको. 'निळी वहीच हवी' म्हणजे निळी फाइल किंवा निळा कागद चालणार नाही. पहिलं म्हणायचं असताना दुसरं लिहिलेलं बरंच आढळतं, कारण च नामाला लावायची हाताला सवय असते.

जोडणीचा क्रम असा: आधी शब्द, मग विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय, आणि सगळ्यात शेवटी च. 'रामानेच', 'घरातूनच', 'तिच्यामुळेच'. 'तिच्याचमुळे' बोलण्यात चालतं, पण लेखनात पहिलंच रूप ठेवावं. पुढे विभक्ती लागलेलं नाम आलं, तर बदल चच्या आधीच्या भागात होतो: तोच माणूस, पण त्याच माणसाला, एकच घर, पण एकाच घरात, बराच वेळ, पण बऱ्याच वेळाने. 'एकच घरात' ही चूक इथूनच येते. च कधीही सुटा लिहायचा नाही. शब्द अवतरणात असेल तर चिन्ह संपल्यावर लगेच जोडायचा, आणि आकड्यापुढे '५च' असं लिहिण्यापेक्षा 'पाचच' लिहावं. दोन च शेजारी आले म्हणून एक गाळायचा नाही.

आता अनुस्वार. टंकलेखनात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'आजच काम संपव' आणि 'आजचं काम संपव' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण पहिल्यात मुदत आहे (उद्यावर नको) आणि दुसऱ्यात कोणतं काम ते सांगितलंय (आजच्या वाटचं). 'त्याचं घर' म्हणजे त्याच्या मालकीचं, 'त्याच घरात' म्हणजे आधी सांगितलेल्या घरात. शंका आली तर पुढचं नाम पुल्लिंगी करून बघा. 'आजचा पेपर', 'त्याचा वाडा' असा 'चा' बसला तर तो षष्ठीचा प्रत्यय आहे, आणि नपुंसकलिंगी नामाआधी तिथे अनुस्वार लागणार. प्रमाण लेखनात 'आजचे काम' असं एकारान्त लिहिलं की हा घोळ उरतच नाही. मात्र एका लेखात 'केलेच' आणि 'केलंच' अशी सरमिसळ करू नये.

काळ आणि संख्या यांच्यासोबत च खाली ओढतो. 'दोनच' म्हणजे थोडे, 'पाचलाच उठला' म्हणजे लवकर, 'कालच भेटला' म्हणजे अगदी अलीकडे. 'आत्ताच' मात्र दोन्हीकडे जातो आणि अर्थ क्रियापद ठरवतं: 'आत्ताच आला' म्हणजे क्षणापूर्वी, 'आत्ताच नीघ' म्हणजे थांबू नकोस.

व्यवहाराच्या पत्रात ही जोडी नीट ओळखून वापरावी: 'पैसे मिळताच माल पाठवू' आणि 'पैसे मिळाल्यावरच माल पाठवू'. पहिल्यात तत्परतेचं आश्वासन आहे, दुसऱ्यात अट. ग्राहकाला आश्वासन द्यायचं असताना अट लिहिली, तर सूर विनाकारण कडक होतो. 'तो आला तर' हे सरळ आहे, पण 'तो आलाच तर' म्हटलं की येण्याची शक्यता कमी, असं आपण सुचवून जातो. निमंत्रणात 'आपण आलातच तर' लिहिलं तर पाहुणा दुखावेल.

नकार आला की च सगळ्यात नाजूक होतो. 'मी गेलोच नाही' म्हणजे मुळीच गेलो नाही. 'मीच गेलो नाही' म्हणजे न जाणं माझं, दुसऱ्या कुणी अडवलं नव्हतं. 'सगळेच आले नाहीत' हे वाक्य तर टाळावंच. कुणी त्याचा अर्थ 'एकही आला नाही' असा घेतो, कुणी 'काही जण राहिले' असा. पहिला अर्थ हवा असेल तर 'कुणीच आलं नाही' लिहा. दुसरा हवा असेल तर मध्ये 'काही' घाला: 'सगळेच काही आले नाहीत'. हा 'काही' संख्या सांगत नाही, नकार कुठवर पोचतो ते सांगतो.

'कुणीच', 'काहीच', 'कुठेच' यांना नकारार्थी क्रियापद लागतंच. 'कुणीच आलं' हे वाक्य अपुरं आहे. 'कधीच' मात्र दोन घरचा. 'गाडी कधीच गेली' म्हणजे जाऊन बराच वेळ झाला. 'गाडी कधीच वेळेवर गेली नाही' म्हणजे एकदाही नाही. वाक्य लांब असेल तर शेवटचा 'नाही' येईपर्यंत वाचणारा अधांतरी राहतो. म्हणून 'फार पूर्वी' या अर्थी 'केव्हाच' वापरावा आणि 'कधीच' नकारासाठी राखून ठेवावा.

'थोडाच'मध्ये नकार लपलेला असतो: 'तो थोडाच ऐकणार आहे?' म्हणजे ऐकणार नाही. बोलताना स्वर मदत करतो, कागदावर प्रश्नचिन्ह द्यावं.

'...च नव्हे, तर ...ही' या रचनेत च आणि ही तोलाच्या दोन शब्दांना लागले पाहिजेत: 'वहीच नव्हे, तर पुस्तकही हरवलं'. 'त्याने कविता वाचलीच नाही, तर पाठही केली' हे वाक्य मध्येच कोसळतं, कारण 'वाचलीच नाही'चा अर्थ मुळीच वाचली नाही. तिथे 'नुसती वाचली नाही' हवं. हिंदीतून भाषांतर करताना 'ही' तसाच उचलू नये. हिंदीतल्या 'मैं ही'चं मराठी 'मीच'. 'मीही' म्हणजे हिंदीतलं 'मैं भी'.

उच्चार 'चमचा'तल्या चसारखा, 'चहा'तल्यासारखा नव्हे. जुन्या ओव्या-अभंगांत याचंच 'चि' हे रूप भेटतं.

शेवटच्या हातात काटछाट करावी. 'खरंच', 'नक्कीच', 'उगाच' यांत च मुरलेला आहे, त्यांना हात लावू नये. 'खूपच', 'फारच', 'अगदीच' यांतला च काढून वाक्य वाचावं. काही हरवलं नाही तर तो गेलेला बरा. एका परिच्छेदात पाचसहा च झाले की कशावरच जोर राहत नाही. 'फक्त दोनच' हेही दुहेरी आहे, लेखात त्यातलं एक पुरतं. सूचनाफलकावर मात्र 'फक्त' ठेवा आणि च काढा: 'अर्ज फक्त सोमवारी स्वीकारले जातील'. उभ्याउभ्या वाचणाऱ्याच्या नजरेतून शब्दाच्या टोकाचं एक अक्षर सहज निसटतं.