मराठी शाळेत शिक्षक नाहीत: अर्ज कुणाकडे, कसा आणि कोणत्या क्रमाने

"शाळेत मास्तर नाहीत" एवढंच तोंडी सांगायला बीईओंच्या, म्हणजे तालुक्याच्या क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसला गेलात, तर "बघतो" एवढंच ऐकून परत याल. कारण या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असू शकतात. जागाच रिकामी आहे, शिक्षक डेप्युटेशनवर दुसरीकडे आहेत, किंवा नेमलेले शिक्षक येत नाहीत, उशिरा येतात, आले तरी शिकवत नाहीत. तिन्हींचा कागद वेगळा आणि टेबलही वेगळं. कर्नाटकातल्या बेळगाव ग्रामीण, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या बऱ्याच तक्रारी इथेच अडकतात. रिकाम्या जागेचा राग हजर असलेल्या एकट्या बाईंवर निघतो आणि डेप्युटेशनवर गेलेल्या मास्तरांचं नावही कुणी काढत नाही.

आधी मंजूर जागांचा हिशेब लावा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात तो स्पष्ट दिला आहे. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार, 121 ते 200 ला पाच. मुलं 150 च्या वर गेली की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक आणि 35 मुलांमागे एक. गणित-विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा या तिन्हींसाठी माणूस हवाच. कलम 26 नुसार मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या राहता कामा नयेत. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे पन्नास टक्के, हे अर्जात आकड्यानेच लिहा.

डेप्युटेशनचा प्रकार जास्त फसवा असतो. शिक्षकाचा पगार तुमच्या शाळेच्या नावावर निघतो, माणूस मात्र दुसऱ्या शाळेत किंवा एखाद्या कार्यालयात काम करतो. कागदावर जागा भरलेली असल्यामुळे ती रिक्त जागांच्या यादीत येत नाही आणि तिथे अतिथी शिक्षक (मानधनावरचे तात्पुरते शिक्षक) मिळणंही अवघड होतं. इथे त्या शिक्षकाविरुद्ध तक्रार करून काही उपयोग नाही. डेप्युटेशनच्या आदेशाची प्रत मागा. त्यात तारीख, मुदत आणि कुणाची सही आहे ते पाहा. मुदत संपली असेल तर "मूळ शाळेत परत पाठवा" एवढी एका ओळीची मागणी पुरते.

माध्यमाचाही घोळ असतो. जागा मराठी माध्यमाची, पण पाठवलेल्या शिक्षकांना मराठी वाचता येत नाही, असं झालं तर दोष त्या शिक्षकाचा नाही. संविधानाच्या कलम 350 अ मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगितलं आहे. त्याचा आधार घ्या आणि माध्यमानुसार नेमणूक मागा.

आता तिसरा प्रकार, म्हणजे न येणारे किंवा न शिकवणारे शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कामं दिली आहेत. रोज वेळेवर येणं, अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणं, प्रत्येक मुलाला किती येतं ते पाहून कमी पडेल तिथे जादा शिकवणं, आणि पालकांशी नियमित बैठक घेऊन हजेरी व प्रगती सांगणं. यात कसूर झाली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, पण त्याआधी शिक्षकाला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. म्हणून "मास्तर नालायक आहेत" हे वाक्य अर्जात घालू नका. त्यावर त्यांना काय उत्तर द्यायचं? तारीख आणि वेळ लिहिली तर उत्तर द्यावंच लागतं.

त्यासाठी एक साधी शंभर पानी वही करा. तारीख, शाळा किती वाजता उघडली, कोण शिक्षक किती वाजता आले, किती वाजता गेले, पाहणारे दोघे जण कोण. निदान महिनाभर रोज लिहा, फक्त गैरहजेरीच्या दिवशी नको. सगळे दिवस लिहिलेल्या वहीला किंमत येते, कारण तीच पुढे शिक्षक हजेरी पुस्तकाशी ताडून बघता येते. पहिल्या पानावर शाळेची ठरलेली वेळ आणि गावात येणाऱ्या पहिल्या बसची वेळ लिहा. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात बसच आली नाही तर तो दिवस शिक्षकाच्या माथी मारू नका. पण वर्षभर शाळेच्या वेळेनंतर अर्ध्या तासाने येणारी बस धरून कुणी येत असेल, तर ती सवय आहे. तसंच जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामं कलम 27 नुसार शिक्षकांना देता येतात. 2025 च्या दसऱ्यात राज्याच्या सर्वेक्षणालाही शिक्षकांनाच लावलं होतं. त्या दिवशी मास्तर सरकारी कामावर होते की घरी, हे मुख्याध्यापकांना विचारून वहीत नोंदवा. मुलांचे फोटो, वर्गातले व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. शिक्षक पुरावा सोडून व्हिडिओवर भांडतील आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल.

शिकवलं जातं की नाही, हे पाहणं थोडं कठीण. त्याला एक उपाय आहे. पालक बैठकीत मुख्याध्यापकांच्या संमतीने चौथी-पाचवीच्या प्रत्येक मुलाला दुसरीच्या मराठी पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या आणि हातच्याची एक वजाबाकी, समजा 52 वजा 27, फळ्यावर करायला लावा. किती मुलांना आलं, फक्त आकडा लिहा. नावं लिहू नका, मुलांना सगळ्यांसमोर लाजवू नका. तीन महिन्यांनी तेच परत करा. आकडा हलला नाही तर कलम 24 मधल्या "जादा शिकवणं" या मुद्द्यावर लेखी विचारता येतं. हलला असेल तर तेही ठरावात लिहा. चांगल्या शिक्षकाच्या कामाची नोंद समितीच्या वहीत असणं हाही जबाबदारीचाच भाग आहे, आणि आपल्याकडे तो फार क्वचित पाळला जातो.

हे सगळं एकट्या पालकाने करायचं नाही. हे काम एसडीएमसीचं, म्हणजे शाळा सुधारणा समितीचं आहे. कायद्याप्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आई-वडील किंवा पालक हवेत, आणि निम्म्या महिला. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ही तिची कामं. अनुदानही लहान नसतं. समग्र शिक्षा योजनेच्या निकषात 30 पर्यंत मुलांच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000 आणि 101 ते 250 ला 50,000 असं एकत्रित अनुदान आहे.

समिती कागदावरची असेल तर तिचा ठरावही कच्चा. तीन गोष्टी तपासा: अध्यक्षांचं मूल अजून याच शाळेत आहे का, महिला सदस्य स्वतः बैठकीला येतात की नवरे सही करतात, आणि ठराव बैठकीतच लिहिला जातो की नंतर घरोघरी वही फिरते. यातलं एक जरी चुकीचं निघालं, तर तुमच्या तक्रारीला पहिलं उत्तर "समितीच बेकायदा आहे" हे येईल.

अर्ज मराठीत चालतो का? चालतो. संविधानाचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाणं मांडण्यासाठी कुणालाही केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देता येतं. "कन्नडमध्ये आणा" म्हणून अर्ज परत करू लागले तर हे कलम अर्जातच लिहा. तरीही मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा, असा आमचा आग्रह आहे. मराठी ही तुमच्या हक्काची. कन्नड प्रतीमुळे टिपणी लिहिणाऱ्या क्लार्कला फाइल त्याच दिवशी पुढे सरकवता येते. हायस्कूलला जाणारी गावातलीच मुलगी अशी प्रत लिहून देऊ शकते.

नमुना असा:

"प्रति, क्षेत्र शिक्षणाधिकारी. विषय: आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेतील शिक्षकांच्या गैरहजेरीबाबत. आमच्या शाळेत 48 मुलं आणि दोन मंजूर शिक्षक आहेत. जुलै महिन्यात 4, 9, 10 आणि 17 तारखेला एक शिक्षक आले नाहीत. इतर 6 दिवशी अकरानंतर आले. नोंदवहीच्या प्रती जोडल्या आहेत. या दिवसांची शिक्षक हजेरी पुस्तकाशी पडताळणी करावी, सीआरपींनी (शाळासमूहाच्या साधन व्यक्तींनी) शाळेला भेट देऊन लेखी अहवाल द्यावा आणि तोपर्यंत वर्ग बंद राहू नयेत म्हणून पर्यायी व्यवस्था करावी. शिक्षण हक्क कायदा, कलम 24. समितीच्या ठरावाची प्रत सोबत."

एका पानाच्या आत, एकच विषय, तीनच मागण्या. शौचालय, कंपाऊंड, दुपारचं जेवण यात घुसडू नका. पाच विषयांचा अर्ज पाच टेबलांवर फिरतो आणि कुठेच थांबत नाही. दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

क्रम असा. आधी मुख्याध्यापकांना लेखी. ही पायरी गाळली तर वरचं ऑफिस अर्ज खाली पाठवतं आणि महिना जातो. मुख्याध्यापकच गैरहजर असतील तर मात्र थेट सीआरपी आणि बीईओ. तिथे काही हललं नाही तर उपसंचालक, म्हणजे डीडीपीआय. बेळगाव जिल्ह्यात शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, हे विसरू नका. बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, कित्तूर, रामदुर्ग, सौंदत्तीचे अर्ज बेळगावच्या डीडीपीआयकडे, तर निपाणी, चिक्कोडी, अथणी, कागवाड, रायबाग, हुक्केरी, गोकाक, मूडलगीचे चिक्कोडीच्या डीडीपीआयकडे. निपाणीचा माणूस बेळगावला हेलपाटा घालून येतो, तो याच कारणाने. त्याच्याही वर शिक्षण खात्याचे धारवाडचे अपर आयुक्त. शिवाय 1902 या राज्य सरकारच्या जनस्पंदन क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि मिळालेला क्रमांक पुढच्या अर्जात लिहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे केलेल्या तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

माहिती अधिकार वापरताना कर्नाटकचा एक नियम अनेकांना नडतो: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण 150 शब्दांच्या आत. लांबलचक अर्ज याच कारणाने फेटाळला जातो. दुसरी गोष्ट भाषेची. माहिती अधिकार कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असंच लिहिलं आहे, म्हणून हा अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत करा. फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डरने दिलेली बरी. शिक्षकाचं सर्व्हिस बुक किंवा त्यांच्यावरच्या जुन्या कारवाया मागू नका, खासगी माहिती म्हणून नकार येतो. मागा ते शाळेचे कागद: मंजूर, भरलेल्या व रिक्त जागा माध्यमानुसार, डेप्युटेशनचे आदेश, शिक्षक हजेरी पुस्तकाच्या ठरावीक महिन्याच्या प्रती, सीआरपींच्या भेटीचे अहवाल. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

गावच्या राजकारणाला बाजूला ठेवता येत नाही, पण त्याला जागा ठरवून देता येते. शिक्षकावर कारवाईचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. तरीही ग्रामसभेचा ठराव वजनदार असतो, म्हणून विषय आधीच पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. ऐनवेळी उठून बोललेलं बऱ्याचदा इतिवृत्तात येत नाही. मुलांची ग्रामसभा होते तिथे मुलं स्वतः प्रश्न विचारू शकतात, फक्त त्यांच्या तोंडी मोठ्यांची भांडणं घालू नयेत. तालुका आणि जिल्हा पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. त्यामुळे भार आमदारांवर येतो. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या तालुक्याच्या केडीपी (सरकारी विकासकामांच्या आढावा) बैठकीला बीईओ हजर असतात. बैठकीआधी आठवडाभर एका पानाचं निवेदन दोघांनाही द्या.

समितीचं अध्यक्षपद म्हणजे पंचायत निवडणुकीची पायरी असं समजणारे प्रत्येक गावात असतात. अर्जावर दोन्ही गटांच्या पालकांच्या सह्या घ्या. एकाच पॅनलच्या सह्या दिसल्या की तक्रार राजकीय ठरते. सीमाप्रश्नही या अर्जात आणू नका. त्यावरचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिसरीतल्या पोराला त्याच्या निकालापर्यंत थांबता येत नाही.

एका बाबतीत हा सगळा क्रम सोडा. मुलाला मारहाण झाली असेल किंवा लैंगिक छळाची शंका जरी असेल, तर समितीची बैठक बोलावू नका, गावात मिटवू नका. लगेच 1098 (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा 112 ला फोन करा आणि पोलिसांत तक्रार द्या. पोक्सो कायद्यात लैंगिक छळाची माहिती असून ती न कळवणं हाही गुन्हा आहे.

शेवटी निकालाबद्दल. तक्रार खरी ठरली की सर्वात सोपा मार्ग म्हणून शिक्षकाची बदली किंवा डेप्युटेशन होतं आणि जागा रिकामी राहते. आधी अनियमित येणारा का होईना एक माणूस होता, आता तोही नाही. म्हणून पहिल्याच अर्जात "पर्यायी शिक्षक रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नये" ही ओळ घाला. जागा रिकामी झालीच तर त्याच आठवड्यात समितीचा ठराव करून अतिथी शिक्षकाची मागणी बीईओंकडे द्या. गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या मराठी माध्यमातून डीएड झालेल्या दोघा-तिघांची नावं आणि प्रमाणपत्रांच्या प्रती तयार ठेवा, म्हणजे "मराठीचा उमेदवार मिळत नाही" हे उत्तर देता येणार नाही.